आयात केलेलं मशीन, त्याचं भाडं आणि कर : एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : २०१३ मध्ये जर्मनीहून मशीन आणलं, कस्टमला सगळी ड्युटी भरली, नंतर चाकणच्या एका कारखान्याला ते भाड्यानं दिलं, तरी भाड्यावर व्हॅट (जीएसटीआधीचा राज्याचा विक्रीवरचा कर) लागला. आयातीच्या ओघातल्या विक्रीवर राज्याला कर लावता येत नाही, असं राज्यघटनेचं कलम २८६ सांगतं. आणि या विषयावरच्या माझ्या लेखात मी राज्याच्या विक्रीकर विभागाचीच वकिली केली, असा तुमचा आरोप.

वकिलीचा आरोप मला मान्य नाही. कलम २८६ चा मुद्दा मात्र भक्कम आहे, म्हणून त्यावरच सविस्तर लिहितो.

भाड्यानं दिलेली वस्तू विकली जात नाही, मालकी आपल्याकडेच राहते. तरी १९८२ च्या ४६ व्या घटनादुरुस्तीनं वापराचा हक्क देणं हीसुद्धा विक्री मानली आणि राज्यांना कराची वाट मोकळी झाली. महाराष्ट्रानं त्यासाठी १९८५ मध्ये वेगळा कायदाच केला. त्यातूनच ट्वेंटिएथ सेंच्युरी फायनान्स या कंपनीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. घटनापीठानं २००० मध्ये सांगितलं, की विक्रीला असलेल्या मर्यादा या मानीव (कायद्यानं विक्री मानलेल्या) विक्रीलाही लागू आहेत; ती आयातीच्या ओघात झाली असेल तर राज्याला कर लावता येणार नाही. इथपर्यंत तुमचं बरोबर आहे.

पण ‘आयातीच्या ओघात’ म्हणजे कधी? केंद्रीय विक्रीकर कायद्याचं कलम ५(२) दोनच वाटा देतं : एकतर त्या विक्रीमुळेच आयात घडलेली असावी, नाहीतर माल कस्टमची हद्द ओलांडण्याआधी त्याच्या मालकीची कागदपत्रं हस्तांतरित झालेली असावीत. १९६६ च्या के. जी. खोसला निकालात रेल्वेसाठी बेल्जियममध्ये बनवलेल्या अ‍ॅक्सल बॉक्सचा (डब्याच्या चाकांच्या आसाचा एक भाग) प्रश्न होता. पुरवठ्याचा करार आधी झाला होता आणि माल त्या करारासाठीच आला होता, म्हणून ती विक्री करातून सुटली. तुम्ही मात्र स्वतःच लिहिलंय, की मशीन भोसरीच्या गोदामात काही महिने पडून होतं आणि गिऱ्हाईक नंतर मिळालं. मग आयात त्या करारामुळे झाली असं कोणत्या कागदावरून दाखवणार? आयात तुमच्या गोदामात संपली. भाडेकरार हा त्यानंतरचा स्वतंत्र व्यवहार.

दुहेरी ओझ्याची तुमची तक्रार मात्र शंभर टक्के खरी आहे. त्या काळी आयातीवर मूळ कस्टम ड्युटीबरोबर सीव्हीडी (देशातल्या उत्पादन शुल्काइतकी जादा ड्युटी) आणि चार टक्के एसएडी (विशेष अतिरिक्त ड्युटी) भरावी लागे आणि व्हॅटमध्ये त्यातल्या एका रुपयाचाही सेट-ऑफ, म्हणजे वजावट, मिळत नसे. केंद्राचा कर एका खिशात, राज्याचा दुसऱ्या, आणि भार एकाच मशीनवर. हा अन्याय होता आणि भांडायचं तर त्यावर भांडायला हवं होतं.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि चित्र पालटलं. आता असं भाडं ही सेवा धरली जाते आणि दर साधारणपणे त्या वस्तूच्या विक्रीचाच लागतो. समजा मशीन एक कोटीचं आणि कस्टम ड्युटी साडेसात टक्के. ड्युटीचे साडेसात लाख आणि त्यावरचा दहा टक्के अधिभार धरून रक्कम १,०८,२५,००० होते. त्यावर अठरा टक्के आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) म्हणजे १९,४८,५००. बिल ऑफ एन्ट्रीवर (कस्टमला दिलेल्या आयातीच्या कागदावर) याचं पूर्ण क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातून वजावट, मिळतं. महिन्याला तीन लाख भाडं घेतलं तर त्यावरचा कर ५४,०००. म्हणजे या क्रेडिटवर साधारण तीन वर्षं रोख भरणा नाही. ड्युटी आणि अधिभार मात्र खर्चातच जातात.

हा दिलासा सगळ्यांपर्यंत पोचत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. चाकणचा कारखाना भाड्यावरच्या कराचं क्रेडिट घेतो. पण आयात केलेलं एमआरआय भाड्यानं घेणाऱ्या रुग्णालयाची सेवा जीएसटीमुक्त असल्यानं त्याला ते क्रेडिट मिळत नाही. तो कर शेवटी पेशंटच्या बिलात जातो. पुण्यात एवढी रुग्णालयं असताना यावर व्यापारी संघटनांनी आणि डॉक्टरांनी एकत्र बोलायला हवं.

तुमचं अपील अजून चालू असेल तर परदेशी पुरवठादाराला दिलेली ऑर्डर आणि भाडेकरार, दोन्हींच्या तारखा शेजारी ठेवून पाहा. चाकणच्या कारखान्याशी आयातीआधीच लेखी बोलणं झालं असेल, एखादं इरादापत्र किंवा त्यांनी ठरवून दिलेली स्पेसिफिकेशन्स असतील, तर ते कागद आधी वकिलांना दाखवा. कलम ५(२) चा दावा त्यांच्यावरच टिकेल.