डॉट ५ भरा, डिस्कवर पाणी ओता: हा मेसेज लिहिलाय तरी कोणी?

भाच्याला बुद्ध सर्किटला ट्रॅक डे (आपली गाडी रेस ट्रॅकवर चालवायचा दिवस) करायचाय, इंदूरहून स्वतःची हॅचबॅक चालवत ग्रेटर नोएडाला जाणार, आणि परवा त्याने मोठ्या कौतुकाने मला "ब्रेक थंड ठेवण्याची ६ सीक्रेट" पाठवली. मला हा मेसेज दोन-तीन ग्रुपवर आधीच येऊन गेला होता, सोडून दिला होता. पण या पठ्ठ्याने तो वाचून डॉट ५ या ब्रेक ऑइलची बाटली ऑनलाइन मागवलीसुद्धा! "मामा, सगळ्यात वरचा नंबर आहे तो." म्हणून बसलो लिहायला.

मेसेज काय म्हणतो ते आधी सांगतो. डॉटचा नंबर जितका मोठा तितकं ब्रेक ऑइल भारी, म्हणून सिलिकॉनचं डॉट ५ भरा, ते पाणी शोषत नाही त्यामुळे कधी बदलायलाच नको. सेशन, म्हणजे ट्रॅकवरची पाळी, संपलं की डिस्कवर (चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या लोखंडी चकतीवर) पाणी ओता. जोरात ब्रेक मारू नका, लांबून हलका दाबून ठेवा. भोकं पाडलेल्या डिस्क लावा. पेडल मऊ पडलं तर पॅड (डिस्कला दाबून घासणारे तुकडे) बदला. आणि शेवटी, हे सगळं घाटातही चालतं.

डॉट ५ पासून सुरू करू, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथेच आहे. हे नंबर अमेरिकेच्या सरकारी स्टँडर्ड ११६ मधून आलेत आणि त्यात प्रत्येक ग्रेड किमान किती डिग्रीपर्यंत उकळता कामा नये ते साफ लिहिलंय. ताजं ऑइल असेल तर डॉट ३ ला २०५, डॉट ४ ला २३०, डॉट ५.१ ला २६०. साधारण ३.७ टक्के पाणी शोषलेलं असेल तर तेच १४०, १५५ आणि १८०. आता डॉट ५ चे आकडे बघा: २६० आणि १८०. म्हणजे ५.१ च्या बरोबर तेच, एक डिग्रीही वर नाही! ३ पेक्षा ४ बरं, ४ पेक्षा ५.१ बरं, इथवर मेसेजवाल्याचं खरं आहे, चला दिलं. पण ५ हा त्या शिडीवर नाहीच, ते वेगळंच रसायन आहे. ३, ४ आणि ५.१ ग्लायकॉलवाले, एकमेकांत मिसळतात. ५ सिलिकॉनचं, रंग जांभळा, आणि बाकी कोणात मिसळत नाही.

बरं, पाणी शोषत नाही हे खरंच आहे, पेंटही खात नाही, म्हणून हार्ले-डेव्हिडसनच्या जुन्या बाइकमध्ये ते वर्षानुवर्षं वापरलं गेलं. पण ऑइलने शोषलं नाही म्हणून सिस्टिममध्ये शिरलेलं पाणी काय हवेत विरतं का? ते खाली जाऊन बसतं, बहुतेक कॅलिपरमध्ये (डिस्कवर पॅड दाबणारा भाग), म्हणजे जिथे सगळ्यात जास्त गरम होतं तिथेच, आणि निव्वळ पाणी १०० डिग्रीला उकळतं. २६० चं ऑइल घेऊन मिळवलं काय? वर सिलिकॉनमध्ये हवा जास्त विरघळते आणि गरम झालं की ते थोडं दाबलंही जातं, त्यामुळे पेडल स्पंजसारखं लागतं, आणि एबीएसवाल्या (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत तर हे भरायचंच नाही. गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा ४ लिहिलेलं असतं ते शोभेसाठी नसतं रे बाबा.

ट्रॅकवर किती उष्णता असते याचा लोकांना अंदाजच नसतो. आपल्याकडे लगेच म्हणतात, इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्स, म्हणजे गाड्या तपासायचा ट्रॅक, आहे की. आहे, पण तिथला ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक वेग टिकवून धरायला बनवलाय, ब्रेकला तिथे फारसं काम नाही. बुद्धला तिसऱ्या वळणानंतर किलोमीटरभराहून लांब सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाला एकदम घट्ट वळण. १२०० किलोची गाडी १५० वरून ६० वर आणली की जवळपास पावणेनऊ लाख जूल उष्णता तयार होते, त्यात पावणेतीन लिटर नळाचं पाणी उकळीपर्यंत येईल. हे एका ब्रेकिंगचं, आणि असं प्रत्येक लॅपला, पुन्हा पुन्हा. ती उष्णता पॅडमधून पिस्टनला, पिस्टनमधून ऑइलला. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल थेट खाली.

म्हणूनच "पेडल मऊ पडलं तर पॅड बदला" हे उलटं आहे. पॅड तापून गेले तर पेडल कडकच राहतं पण गाडी थांबत नाही, आणि पेडल मऊ होऊन खाली जातं तेव्हा ऑइल उकळलेलं असतं. तेव्हा पंप करून जेवढा ब्रेक मिळेल तेवढ्यावर पिटमध्ये यायचं. थंड झाल्यावर पेडल बरं वाटलं तरी ब्लीड केल्याशिवाय (ऑइलमधली हवा-वाफ बाहेर काढल्याशिवाय) परत ट्रॅकवर जायचं नाही.

भाच्याला सांगितलंय, सीलबंद बाटलीतलं ताजं डॉट ४ किंवा ५.१ घे आणि जुनं पूर्ण काढून भर, नुसतं वरून टॉप-अप नको. रेसिंगचं डॉट ४ येतं, ताजं असताना ३०० च्या वर जाणारं, ते घेतलं तर उत्तमच, पण ते वारंवार बदलावं लागतं. आणि रंग बघून "अजून स्वच्छ आहे" म्हणणाऱ्यांनो, पाणी रंगावरून दिसत नाही.

पाणी ओतण्याबद्दल काय बोलू. सेशन संपल्यावर डिस्क काही शे डिग्रीला असते, बीडाचं लोखंड आहे ते, एका बाजूला गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो, आणि तडा गेलेली डिस्क घेऊन हा मुलगा हायवेने घरी येणार! थंड करायचं तर शेवटचा लॅप ब्रेक जवळपास न लावता फिरवायचा, चाकं फिरताना हवा लागते ना. मग गाडी गिअरमध्ये लावून चाकाला दगड किंवा ठोकळा, हँडब्रेक नाही, नाहीतर तापलेले पॅड त्याच जागी डिस्कला दाबून बसतात.

हलका ब्रेक लांबून धरून ठेवणं पण चूक, पॅड जास्त वेळ घासतात आणि मधे थंड व्हायला वेळच उरत नाही. जोरात, थोडा वेळ, आणि सोडा. पहिला दाब झटक्याने देऊ नका एवढंच. भोकांच्या डिस्कचं म्हणाल तर भोकांपाशीच तडे जातात, साध्या व्हेंटिलेटेड (मधून हवा खेळणाऱ्या) डिस्क पुरतात.

आणि घाट! इंदूरहून मुंबईकडे जाताना लागणाऱ्या गणेश घाटात ब्रेक फेल झालेल्या ट्रकांच्या बातम्या आपण कधीपासून वाचतोय, आणि हा माणूस तिथे ब्रेक हलका दाबून ठेवा म्हणतो. उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाका, इंजिनाला गाडी धरू द्या, ब्रेक अधूनमधून. न्यूट्रल अजिबात नाही. तरीही पेडल मऊ लागलं तर पंप करत आणखी खालचा गिअर, हँडब्रेक हळूहळू, आणि थांबल्यावर चाकावर पाणी न मारता अर्धा तास चहा प्या.