मार्शल अंथरुणाला खिळलेले असताना देश कसा चालवावा

समजा, १९८० चा फेब्रुवारी आहे. तुम्ही युगोस्लाव्हियाच्या पक्षाचे वजनदार पुढारी आहात आणि देशाचे ८७ वर्षांचे अध्यक्ष मार्शल टिटो लुब्लियानाच्या रुग्णालयात आहेत. डावा पाय जानेवारीतच कापावा लागला. गडबडून जाऊ नका. डॉक्टरांचं पत्रक रोज निघू द्या. त्यात प्रकृती 'गंभीर' असली तरी देशाची प्रकृती उत्तम असावी.

वारसाची काळजी नकोच, कारण वारस वेळीच खुर्चीवरून उतरवले गेले आहेत. १९५४ मध्ये जिलास, १९६६ मध्ये गुप्त पोलिसांवर पकड असलेले रांकोविच, १९७१ मध्ये क्रोएशियाचे उत्साही पुढारी, १९७२ मध्ये सर्बियाचे उदारमतवादी. राहता राहिले कार्देल्य. ते गेल्या वर्षी आपणहून वारले. इतके समजूतदार सहकारी नशिबानेच मिळतात.

आता १९७४ ची राज्यघटना काढा. कलमं ४०६. ती वाचायची नसते, पाहुण्यांना दाखवायची असते. तिच्यानुसार सहा प्रजासत्ताकं आणि सर्बियातले कोसोव्हो, व्होयव्होदिना हे दोन स्वायत्त प्रांत यांचा प्रत्येकी एक, असे आठ जण टिटोंची जागा घेतील. अध्यक्षपद दर १५ मे रोजी पुढच्याकडे. एका वर्षात कोणी शहाणा होत नाही, आणि झालाच तर मुदत संपलेली असते. टिटो ४ मे रोजी गेले, की मॅसिडोनियाच्या कोलिशेव्स्कींना अध्यक्ष करा आणि अकरा दिवसांनी उतरवा, कारण त्यांची पाळी संपते. नियम म्हणजे नियम.

अंत्ययात्रा थाटात काढा. ब्रेझनेव्ह येतील, थॅचर येतील, इंदिरा गांधी येतील. कार्टर स्वतः न येता आईला पाठवतील. मनाला लावून घेऊ नका. पाहुणे मोजत बसलात की वीस अब्ज डॉलरच्या आसपासचं परदेशी कर्ज मोजायला वेळच उरत नाही. पुढे कॉफी मिळेनाशी होईल, पेट्रोलला कूपनं लागतील. तेव्हा 'टिटोनंतरही टिटोच' ही घोषणा द्यायची. टिटो नसले तरी २५ मे रोजी त्यांच्या वाढदिवसाची बॅटन-दौड चालू ठेवा. (खरा वाढदिवस ७ मेचा. तो सध्या बाजूला ठेवा.)

सगळ्यात नाजूक काम या आठ जणांच्या मतांचं. सर्बियाचा कोणी मिलोशेविच नावाचा पुढारी १९८९ मध्ये दोन्ही प्रांतांची स्वायत्तता काढून घेईल. घेऊ द्या, पण त्यांच्या दोन खुर्च्या मात्र तशाच ठेवा. स्वायत्तता गेली तरी मत शिल्लक राहतं, आणि ते आता सर्बियाच्या खिशात. माँटेनेग्रोही त्याच बाजूला झुकलेलं. म्हणजे आठाचे सरळ दोन भाग. १५ मे १९९१ रोजी क्रोएशियाच्या मेसिचांची पाळी येईल. पाच मतं लागतील, चारच पडतील. सैन्याचं सरसेनापतीपदही याच मंडळाकडे आहे. तेव्हा त्या दिवसापासून रणगाड्यांना हुकूम कोणी द्यायचा, एवढं मात्र आत्ताच कुठेतरी लिहून ठेवा.