घाई करावी, आदेशावरून

कॉलेजच्या फी-काउंटरच्या काचेवर परवा एक कागद लागला. ‘ऑनलाइन फी भरताना विद्यार्थी व पालकांनी घाई करावी. आदेशावरून.’ खाली गोल शिक्का. त्या साइटचा जावा कोड माझ्याकडे आहे. स्प्रिंग आणि टॉमकॅट ही जावाची साइट चालवणारी सॉफ्टवेअरं, सेशन, सिक्युरिटी, ज्या ज्या गोष्टींवर माझं घर चालतं, त्या सगळ्यांवर संस्थेने काढलेला उपाय हा असा, चार बाजूंनी चिकटपट्टी लावून.

तक्रार साधी होती. पालक लॉगिन करतो, फी भरायला पेमेंट गेटवेवर, म्हणजे पैसे घेणाऱ्या दुसऱ्या साइटवर, जातो, ओटीपी टाकतो, पैसे कटतात, आणि पावतीऐवजी समोर परत लॉगिनचं पान. सगळ्यांना नाही, काहींनाच. माझ्या लॅपटॉपवर कधीच नाही. फायरफॉक्सवर नाही. क्रोमवर मात्र लहर लागेल तसं. सर्व्हरच्या लॉगमध्ये एक एरर असेल तर शपथ. कुणी अनोळखी आला, त्याला नियमाप्रमाणे लॉगिनकडे पाठवला, एवढीच नोंद.

हेल्पलाइनवाली पोरं सगळ्यांना कॅशे, म्हणजे ब्राउझरने साठवलेला जुना माल, क्लिअर करायला सांगत होती. कॅशे बिचारा निम्म्या वेळा कशातच नसतो. पण तो साफ करायला सांगितला की सांगणाऱ्याला काम केल्यासारखं वाटतं, आणि ऐकणारा दिसेल त्या चौकोनात टिक करून स्वतःचे पासवर्डही घालवून बसतो. मग त्याचा दुसरा फोन येतो.

तर भाऊसाहेब. आमच्याकडे कॉलेजातल्या हेडक्लार्कला भाऊसाहेबच म्हणतात. निवृत्तीला टेकलेला माणूस. त्यांनी या प्रकरणाचं स्वतंत्र रजिस्टर घातलं होतं. अनुक्रमांक, पालकाचं नाव, गाव, रक्कम, पैसे कटले काय, आणि शेवटचा रकाना : चष्मा.

“चष्मा कशाला, भाऊसाहेब?”

“कारण हाय, सर. बघा की. आहे, आहे, आहे, आहे. हा एक ‘नाही’, पण त्यो बोलतोय पण सावकाश.”

“अहो, सर्व्हरला चष्मा दिसत नाही.”

“सर्व्हरला नसंल दिसत. पण ओटीपी आला की माणूस आधी चष्मा हुडकतो. मग पुसतो. मग पोराला हाक मारतो. तवर तुमचं मशीन म्हणतं, निघा आता.”

सेशन, म्हणजे लॉगिननंतर सर्व्हर तुमची ओळख धरून ठेवतो तो काळ, तीस मिनिटांचं असतं, असं मी त्यांना शांतपणे समजावलं.

“तीस मिनिटं चष्मा कोण पुसतं, सर?”

यावर जावाच्या कुठल्याही कागदपत्रात उत्तर नाही. मग त्यांनी प्रात्यक्षिकच लावलं. आधी तरुण शिपायाला बसवला. त्याचे अंगठे असे फिरले की ओटीपी येतोय तोच टाकून झाला. पावती हजर. मग भाऊसाहेब स्वतः खुर्चीत बसले. लॉगिन केलं. फी भरायच्या पानावर ‘अटी व शर्ती’ लिहिलं होतं, तिथे दाबलं आणि अटी व शर्ती वाचायला लागले. मोठ्याने. त्या मीच कुठून तरी आणून डकवल्या होत्या. त्या कुणी वाचेल याची मला कल्पनाच नव्हती. परतावा धोरणावर थांबून “हे बरं लिवलंय” म्हणाले. मग गेटवे, मग कार्ड, मग ओटीपी, मग खिसे चाचपणं. चष्मा कपाळावर होता. पैसे कटले आणि लॉगिनचं पान आलं. इतक्या समाधानाने पैसे घालवलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांनी रजिस्टर ओढलं, स्वतःचं नाव घातलं, आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं : आहे.

संताप याचा आला की रजिस्टर बरोबर होतं. कुकी म्हणजे सर्व्हरने ब्राउझरकडे दिलेली ओळखचिठ्ठी; परक्या साइटवरून येताना ती सोबत आणायची का, हे तिच्यावर ‘सेमसाइट’ म्हणून लिहितात. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोम ८० आलं, तेव्हापासून सेमसाइट न लिहिलेली कुकी ‘लॅक्स’ धरायला सुरुवात झाली. म्हणजे परक्या साइटवरून ‘पोस्ट’ने, फॉर्म पाठवतात तसं, परत आलात तर कुकी सोबत येत नाही, आणि सर्व्हर तुम्हाला ओळखत नाही. जुना गेटवे ‘गेट’ने, साध्या लिंकसारखा, परत पाठवायचा, म्हणून निभावलं. यंदा आणलेला नवा पोस्टने पाठवतो. आता गंमत अशी की क्रोमने एक सवलत ठेवली आहे : कुकी २ मिनिटांच्या आतली असेल तर पोस्टबरोबरही जाऊ देतो. लॉगिन होताच स्प्रिंग सेशनची नवी कुकी देतो, घड्याळ तिथून सुरू. दोन मिनिटांत उरकलं तर पावती, चष्मा पुसलात तर बाहेर. माझ्या लॅपटॉपवर नकली गेटवे त्याच लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनवर, फक्त दुसऱ्या पोर्टवर, म्हणजे दुसऱ्या दारावर; आणि साइट एकच आहे का हे ठरवताना पोर्ट मोजत नाहीत. तिथे हे दिसणारच नव्हतं.

क्रोम नियमाने वागला, टॉमकॅट नियमाने वागला, गेटवेने तर आपलं नियमपुस्तक पीडीएफमध्ये पाठवून दिलं. कुणाकडेच बग नाही. दुधाच्या बिलातून फी भरणारा एक बाप मात्र पावती दिसेना म्हणून दोनदा पैसे भरून काउंटरवर उभा होता, आणि त्याला ‘कामकाजाचे दिवस’ सांगत होते. ही सुरक्षा नेमकी कुणाची, हे विचारायला खिडकी नाही.

दुरुस्ती म्हणजे कुकीवर ‘सेमसाइट नन’ (परक्या साइटवरूनही सोबत आण) आणि ‘सिक्युअर’ (फक्त सुरक्षित जोडणीवर) असे दोन शब्द. ते घालायला जुना टॉमकॅट बदलायचा, त्यासाठी होस्टिंगवाल्यांना पत्र, पत्रासाठी जावक क्रमांक. अखेर झालं. चष्मेवाल्यांना धडाधड पावत्या मिळायला लागल्या.

मग संस्थेच्या अध्यक्षांनी कौतुकाने स्वतः पैसे भरून पाहिले. त्यांचा आयफोन ६. तो आयओएस १२ च्या पुढे जात नाही, आणि त्यातली सफारी ‘नन’ हा शब्द ‘स्ट्रिक्ट’, म्हणजे परक्या साइटवरून कधीच नाही, असा समजते. अख्ख्या तालुक्यात बाहेर फेकले गेलेले ते एकटेच. सभेत ठराव झाला : संबंधित अभियंत्यास समज देण्यात यावी.

मी भाऊसाहेबांकडे गेलो. ते रजिस्टरात पट्टी ठेवून नवा रकाना आखत होते, फोनच्या मॉडेलचा.

“भाऊसाहेब, माझ्या बिलाचं काय झालं?”

“तयार हाय की, सर. फक्त अध्यक्षांची सही ऱ्हायलीय.”