दोस्त हातचा घालवायचा असेल तर

शत्रूला भेटायला विमानाने जावे. ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन वयाच्या ६९व्या वर्षी सप्टेंबर १९३८च्या पंधरवड्यात तीनदा हिटलरकडे उडाले. दोस्त जोडायचा असेल तर मात्र एवढी घाई बरी दिसत नाही.

आधी हमी द्या, ती पाळायची कशी हे मग बघा. ३१ मार्च १९३९ला ब्रिटनने पोलंडला शब्द दिला, हल्ला झाला तर मदतीला येऊ. पोलंडला लागून मोठी फौज असलेला शेजारी म्हणजे रशिया, पण त्याला काय, मागाहूनही विचारता येते. १७ एप्रिलला रशियाचे परराष्ट्रमंत्री लिटविनोव्ह आपणहून ब्रिटन-फ्रान्स-रशिया युतीचा प्रस्ताव धाडतात? फाईल ८ मेपर्यंत फिरू द्या. तोवर त्यांची उचलबांगडी होते आणि उत्तर वाचायला त्यांच्या जागी मोलोटोव्ह बसलेले असतात. जूनमध्ये मॉस्कोचे आमंत्रण आले की परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स यांच्याप्रमाणे लंडनमध्येच थांबा. खात्यातला एखादा अधिकारी पाठवला की झाले.

आता मुख्य काम, लष्करी शिष्टमंडळ. प्रमुख म्हणून अ‍ॅडमिरल ड्रॅक्स निवडा. (पूर्ण आडनाव प्लंकेट-एर्नली-एर्ल-ड्रॅक्स, हजेरी घेण्यातच निम्मी सकाळ जाते.) विमान नको. युद्धनौका तर नकोच, फार मनावर घेतल्यासारखे वाटेल. तासाला जेमतेम १३ सागरी मैल कापणारी 'सिटी ऑफ एक्झेटर' बरी. ती ५ ऑगस्टला सोडा, मंडळी ११ला मॉस्कोत पोचतात. सोबत लेखी सूचना द्या: राजकीय करार होईपर्यंत बोलणी सावकाश चालवा. सहीचा अधिकार देणारा कागद तेवढा देऊ नका.

१२ ऑगस्टला रशियाचे संरक्षणमंत्री वोरोशिलोव्ह स्वतःचे अधिकारपत्र वाचून दाखवतात. फ्रेंच जनरल दूमांक आपले पंतप्रधान दलादिए यांची चिठ्ठी काढतात. मग सगळे ड्रॅक्स यांच्याकडे बघतात. अशा वेळी, बोलणी लंडनला हलवलीत तर अधिकार लगेच मिळतील, असे सांगावे. सैन्याचा हिशेब निघाला की रशियन १२० पायदळ डिव्हिजन मांडतात. तुम्ही ५ पायदळ आणि १ यांत्रिक म्हणा, आवाज मोठा ठेवून.

१४ला खरा प्रश्न येतो: जर्मनीशी लढायला लाल सेनेला पोलंड आणि रुमानियातून जाऊ देणार का? नकाशा उघडला असता तर हे मार्चमध्येच सुचले असते, पण मार्चमध्ये हमी देण्याची गडबड होती. आता वॉर्साला विचारायला धावा. तिथून नकार येतो, आणि तो येणार हे वॉर्सात कुणालाही ठाऊक होते.

ड्रॅक्स यांचे अधिकारपत्र २१ ऑगस्टला मॉस्कोत पोचले, वरातीमागून घोडे. त्याच दिवशी बैठक बेमुदत तहकूब झाली. २३ला हिटलरचे परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप विमानाने उतरले, सहीचा अधिकार घेऊनच, आणि त्याच रात्री जर्मनी-रशिया अनाक्रमण कराराचे काम उरकले. पोलंडची परवानगी त्यांना आड आली नाही. गुप्त पुरवणीत दोघांनी पोलंडच वाटून घेतला होता.