'दार उघडलंतच कशाला' हे विचारणं आता बंद करा

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना हा प्रश्न ज्याने ज्याने विचारला ना, सेक्रेटरीपासून त्यांच्या सख्ख्या भावापर्यंत, त्या प्रत्येकावर मी चिडलेय आणि आज ते सगळं इथे लिहिणार आहे. लांबलचक होईल. ज्याला वाचायचं नाही त्याने पुढे जावं.

झालं असं की दुपारी अडीचच्या सुमारास, म्हणजे बिल्डिंग झोपलेली असते तेव्हा, दोन पोरं आली. शर्टावर लोगो, गळ्यात कार्ड, पाठीला सॅक, हातात पावतीपुस्तक. 'आजी, गॅसचं सेफ्टी चेकिंग आहे, कंपल्सरी आहे.' आणि त्यांच्या कागदावर काकूंच्या मिस्टरांचं नाव आणि गॅसचा ग्राहक क्रमांक, दोन्ही बरोबर. काका जाऊन बरीच वर्षं झाली, कनेक्शन अजून त्यांच्याच नावावर आहे, म्हणजे हे नाव रस्त्यावरच्या कोणाला माहीत असायचं कारणच नाही. काकूंनी घेतलं आत. एकजण किचनमध्ये, त्याने पाईपला साबणाचा फेस लावला, 'बघा आजी बुडबुडे, लीक आहे, कधीही भडका उडेल' म्हणून म्हाताऱ्या बाईला तिथे शेगडीपाशी उभं करून ठेवलं, नवा पाईप लावला, बाराशे रुपये घेतले, पावती दिली. तेवढ्या वेळात दुसरा हॉलमध्ये होता. संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना काकूंना कळलं की टीव्हीखालच्या ड्रॉवरमधले पैसे नाहीत आणि कपाटातल्या दोन बांगड्या नाहीत.

आणि मग सगळी बिल्डिंग त्या बाईच्या घरात. चहा पित पित उपदेश. अनोळखी माणसाला दार उघडू नये, एवढं साधं कळत नाही का?

नाही कळत. कारण ते साधं नाहीये. मला एक सांगा, ज्याच्यासाठी दार उघडायचं नाही तो 'अनोळखी' नक्की कोण? सकाळपासून दूधवाला, कचऱ्याची मावशी, इस्त्रीवाला, मग कुरियर, मग दहा मिनिटांत कांदे-कोथिंबीर घेऊन येणारा पोरगा जो रोज वेगळा असतो, लाइटचं मीटर बघणारा, नेट दुरुस्त करणारा, पेस्ट कंट्रोल, पोलिओच्या डोसाला येणाऱ्या ताई, मतदार यादीवाले बीएलओ, जनगणनेचे लोक, गणपतीत वर्गणीवाले, इलेक्शनला सगळ्याच पक्षांचे. यातल्या निम्म्यांसाठी दार उघडलं नाही तर आपण बेजबाबदार नागरिक, आणि उरलेल्या निम्म्यांसाठी उघडलं तर आपण मूर्ख. कोण कुठल्या निम्म्यातला ते बेल वाजल्यावर दहा सेकंदांत ओळखायचं, तेही सत्तरीच्या बाईने, चष्मा शोधत, गुडघे धरत दारापर्यंत येऊन. आणि चुकलं की तिचीच चूक.

आणि गॅसची तपासणी ही काही त्या चोरांनी काढलेली कल्पना नाही. गॅसची दर पाच वर्षांनी तपासणी सक्तीची आहेच, त्या केशरी पाईपची मुदतही पाच वर्षंच धरतात, तारीख पाईपवरच छापलेली असते. साबणाच्या फेसाने गळती बघतात हेही खरंच आहे. म्हणजे त्या पोरांनी सांगितलेलं जवळपास सगळं खरं होतं, फक्त ती पोरं खरी नव्हती. मग ही बाई काय बघून ओळखणार होती? कार्ड? असलं कार्ड झेरॉक्सच्या दुकानात दोरीसकट लॅमिनेट करून मिळतं.

पण माझा खरा राग पुढे आहे. माझा खरा राग खऱ्या लोकांवर आहे.

खरे लोक कसे येतात बघा. आधी फोन नाही, मेसेज नाही, सोसायटीला पत्र नाही. बेल वाजवायची ती बोट दाबूनच ठेवायचं. दार किलकिलं झालं की चपला काढत पाय आतच. ओळखपत्र विचारलं तर चेहरा असा की आपण त्याच्या आईवरून शिवी दिली. 'मॅडम, इतकी वर्षं येतोय, कोणी विचारलं नाही.' कार्ड दाखवलं तरी असं फिरवून दाखवणार की फोटो माणसाचा आहे का झाडाचा ते कळू नये. एकाने तर मला सांगितलं की कार्ड ऑफिसात आहे, साहेबांशी बोला, आणि स्वतःच्याच मोबाइलवरून कोणालातरी लावून फोन माझ्या हातात दिला. अरे, तुझ्या फोनवरून तूच लावलेल्या माणसाशी बोलून मला काय कळणार? मी म्हणलं थांबा, मी माझ्या पुस्तकावरच्या नंबरला लावते. लावला. रिंग वाजून वाजून बंद. परत लावला, एंगेज. तो बाहेर घड्याळ बघतोय, 'मग नंतर तुमचं काम राहिलं तर आम्हाला सांगू नका.' ही धमकी खरा माणूस देतो! हीच धमकी चोर देतो! शब्दसुद्धा तेच! तुम्ही वर्षानुवर्षं घराघरांतल्या बायकांना शिकवलंत की गणवेशातला माणूस आला की मुकाट्याने बाजूला व्हायचं, प्रश्न विचारला की काम अडेल, आणि मग चोराला काय मेहनत करावी लागते? काहीच नाही.

सोसायटीचं तर बोलायलाच नको पण बोलणार. आमच्या गेटवर ॲप आहे, रजिस्टर आहे, चार कॅमेरे आहेत त्यातला एक झाडाच्या फांदीकडे बघतोय. आणि हे सगळं वापरतात कोणावर? घरकाम करणाऱ्या मावशींवर. रोज त्याच बायका, सगळ्यांना माहितीयेत, त्यांचे फोटो काढले, पोलीस व्हेरिफिकेशनचे फॉर्म भरून घेतले, जाताना पिशवी उघडून दाखवायची, मोठी लिफ्ट वापरायची नाही, आणि कोणी जुनी साडी दिली तर त्याची चिठ्ठी पाहिजे. आणि इस्त्रीचा शर्ट घालून, इंग्रजीत दोन शब्द बोलून कोणीही आलं की वॉचमन स्वतः उठून लिफ्टचं बटण दाबून देतो. त्याचंही काय चुकलं म्हणा, एकदा त्याने कोणाच्यातरी पाहुण्याला गाडीतून उतरून नाव लिहायला लावलं तर त्या घरातल्या साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. तेव्हापासून तो कोणाला अडवत नाही. बारा तासांची ड्युटी, जेवायला सुट्टी नाही, बदली माणूस नाही, आणि चोरी झाली की पहिलं बोट त्याच्याकडे. त्या दिवशीसुद्धा तो डबा खात होता हा गुन्हा झाला.

मग येतात आपले संस्कार. दारात आलेल्याला पाणी विचारावं. विचारावं ना, मीही विचारते, उन्हात फिरणाऱ्या कुरियरवाल्या पोराला पाणी मिळालंच पाहिजे. पण 'ताई, थोडं पाणी मिळेल का' ही सगळ्यात जुनी युक्ती आहे, बाई किचनकडे वळली की दार उघडं आणि पाठ दाराकडे. तेवढंच त्यांना हवं असतं. पाणी द्यायचं तर दार लावून आत जायचं, बाटली भरून आणायची, आणि सेफ्टी डोअरच्या जाळीतून नाहीतर साखळी लावूनच द्यायची. यात कसला उद्धटपणा? मी असं केलं तर आमच्या मावससासूबाई म्हणाल्या, बरं नाही दिसत. काय बरं नाही दिसत? कोणाला बरं नाही दिसत? जो खरोखर तहानलेला आहे त्याला जाळीतून मिळालेलं पाणीसुद्धा चालतं, कधी कोणी तक्रार केलेली मी ऐकली नाही.

आणि ते 'आजी', 'मावशी', 'काकू'. आपल्याकडे नातं लावून हाक मारली की माणूस अर्धा विरघळतो. त्यात एकटी राहणारी बाई असेल, मुलगा बंगलोरला, दिवसभर कोणी बोलायला नाही, तर दारातलं गोड बोलणारं पोरगं तिला चोर वाटेल कसं? उलट ते पाच मिनिटं तब्येतीची चौकशी करतं, जी बिल्डिंगमधलं कोणी करत नाही. हे लिहिताना मला बिल्डिंगचाच राग येतोय. ज्या दिवशी चोरी झाली त्या दिवशी पंधरा माणसं काकूंच्या हॉलमध्ये होती. आदल्या दिवशी एकजण तरी होता का?

दागिने पॉलिशवाले तर अजून फिरतात हे ऐकून मला विश्वास बसत नाही. आजीच्या काळापासून हे चालू आहे. आधी देवाची तांब्या-पितळेची भांडी घेतात, पावडर लावून चकचकीत करून देतात, फुकट. मग चांदीचे पैंजण. मग 'काकू, हातातल्या बांगड्या काळ्या पडल्यात बघा.' ते ज्या पाण्यात बुडवतात ते पाणी नसतं, नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडचं मिश्रण असतं, ज्यात सोनं विरघळतं. बांगडी परत मिळते, चमकते पण, फक्त हलकी झालेली असते आणि तुमचं सोनं त्यांच्या भांड्यात त्यांच्याबरोबर निघून जातं, नंतर ते त्यातून वेगळं काढतात. नाहीतर बांगड्या हळदीच्या पाण्यात घालून कुकर लावायला सांगतात, अर्धा तास झाकण उघडू नका म्हणतात, आणि अर्ध्या तासाने कुकरात फक्त हळदीचं पाणी. सोनं दाराशी कोणाच्याही हातात द्यायचं नाही, ज्या सोनाराकडे दुकानात बसून आपल्या डोळ्यासमोर वजन करता येतं तिथेच द्यायचं, हे आपापल्या आईला, सासूला, आत्याला आज फोन करून सांगा. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड टाकून नाही. फोन करून.

आणि कोणी म्हणाला 'पोलीस आहे' तरी लगेच दार उघडायचं नाही. साध्या कपड्यातला असेल तर नाव, कुठलं ठाणं ते विचारायचं, जाळीतून कार्ड बघायचं आणि ११२ ला लावून सांगायचं की माझ्या दारात असा असा माणूस आहे. खरा असेल तर थांबेल. साक्षीदार म्हणून चौकशी असेल तर बाईला किंवा साठीच्या पुढच्या पुरुषाला घराबाहेर यायची सक्ती पोलीस करू शकत नाहीत, हे कायद्यात लिहिलेलं आहे, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ मध्ये. आणि पोलीस किंवा सरकारी माणूस असल्याचं सोंग करणाऱ्याला न्याय संहितेच्या कलम २०४ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे. हे कोणी सांगतं का आपल्याला? आपल्याला सांगतात, बाईने जपून राहावं.

मी जपूनच राहते हो. माझ्या दाराला भिंग आहे, जाळीचा दरवाजा आहे, बेल वाजली की आधी 'कोण' विचारते, घरात एकटी असले तरी 'अहो, बघा बरं कोण आलंय' असं मोठ्याने ओरडते, पार्सल बाहेर ठेवायला सांगते, न मागवलेल्या पार्सलसाठी कोणी ओटीपी मागितला तर देत नाही, ऐनवेळी 'आता जमणार नाही, एजन्सीत येऊन पावतीवर पाईप घेईन' म्हणते आणि दार उघडत नाही. गॅसचा वास खरंच आला तर १९०६ हा नंबर आहे, त्याला मी लावेन, मला त्यासाठी दारातल्या माणसाची गरज नाही. पण हे सगळं करायला मी चाळीशीची आहे, मला नीट दिसतं, ऐकू येतं, भांडायची ताकद आहे. काकूंनी हे रोज वीस वेळा करायचं?

आमचं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं. दारं दिवसभर सताड उघडी. तिथे कोणी परका जिना चढला की गॅलरीतून तीन जणी विचारायच्या, कोण पाहिजे, कोणाकडे, कशाला. ते विचारणं कोणाला उद्धट वाटायचं नाही. आता दारं बंद आणि विचारणारं कोणीच नाही, मग ते काम एकट्या दारामागच्या बाईवर.

तर मी काकूंना घेऊन आधी पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या साहेबांनीही तेच विचारलं. मग म्हणाले, बांगड्यांची पावती आहे का? पन्नास वर्षांपूर्वी लग्नात आईने घातलेल्या बांगड्यांची पावती! मी तिथून हलले नाही, एफआयआर लिहून घेतला, त्याची प्रत फुकट द्यावी लागते, ती घेतली. मग एजन्सीत. काउंटरवरचा म्हणाला, आमची माणसं नव्हती, आमचा संबंध नाही. मी म्हणलं, नव्हती ना, मग काकांचं नाव आणि ग्राहक क्रमांक त्यांच्याकडे कुठून आला? तो एक तर काकूंच्या घरातल्या पुस्तकात आहे नाहीतर तुमच्या कॉम्प्युटरमध्ये. अजून कोणाकोणाची नावं त्या यादीत आहेत? आमच्या एरियातली किती म्हातारी माणसं? माझं आहे का? तो म्हणाला, मॅडम, साहेब बाहेर गेलेत.

लेखी अर्ज दिलाय, यादी कुठून फुटली ते विचारलंय, तारखेसकट शिक्का मारून पोच घेतलीय. उत्तर नाही आलं तर ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार टाकणार आणि परत त्याच काउंटरवर जाऊन उभी राहणार. तुमच्याकडेही कोणी असं नाव-नंबर घेऊन आलं असेल तर तुम्हीही लेखी द्या, तोंडी बोलून परत येऊ नका.