फॅमिली रूमची फळी काढा

मंत्रालयात काम, हायकोर्टात तारीख नाहीतर टाटाला पेशंट. सोलापूरचं माणूस राजधानीला, मुंबईला जातं ते बहुतेक अशाच कारणानं. जाताना मला हमखास विचारतात, जेवायचं कुठं? मी नावं सांगते आणि लगेच आवाज खाली येतो. 'अगं, पण तिथं बिअर मिळते ना? बायकामाणसांना घेऊन कसं जायचं?' यावर एकदा सविस्तर लिहायचंच होतं.

सिद्धेश्वर एक्सप्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरलात की सरळ धोबी तलावला जा. तिथं क्यानी नावाचं इराणी हॉटेल आहे, १९०४ पासूनचं. खिमा-पाव खाणाऱ्यांनी तो घ्यावा, बाकीच्यांनी ब्रुन मस्का. ब्रुन म्हणजे वरून कडक, आतून मऊ पाव. तो चहात बुडवला की लोण्याचे पिवळे थेंब चहावर पसरतात. गर्दी असली तर अनोळखी माणसाच्या समोरच्या खुर्चीवर बसायचं. वकील, कॉलेजची पोरं, पेपर वाचणारी एखादी म्हातारी पारशीण, सगळे एकाच खोलीत. 'किती जण? फॅमिली आहे का?' असं कुणी विचारत नाही.

दुपारी बॅलार्ड इस्टेटमध्ये ब्रिटानिया, १९२३ चं. संध्याकाळी जाल तर बंद दार बघून परत याल, कारण त्यांचा धंदा दुपारच्या जेवणाचा. तिथला बेरी पुलाव खाच. भातावर आंबट लाल इराणी बेरी, तळलेला कांदा आणि काजू. तिथले मालक बोमन कोहिनूर नव्वदी ओलांडल्यावरही टेबलाटेबलाशी जाऊन गिऱ्हाइकांशी बोलायचे. २०१९ मध्ये ते गेले. गिऱ्हाईक म्हणजे घरी आलेला पाहुणा, हे त्यांच्याकडं बघून कळायचं.

आता बिअरचं. फोर्टमधल्या कॅफे मिलिटरीत एका टेबलावर बिअरची बाटली असते, शेजारच्या टेबलावर पारशांचं धानसाक, आणि दुपारचं ऊन आत आलेलं असतं. कुलाब्याचं मोंडेगार बघा. भिंतीभर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं, खाली पोरीबाळी, म्हातारे, परदेशी पाहुणे. जवळच लिओपोल्ड, १८७१ चं. २६ नोव्हेंबर २००८ ला तिथं गोळीबार झाला, माणसं मेली. गोळ्यांच्या खुणा त्यांनी बुजवल्या नाहीत, आणि काही दिवसांतच दार परत उघडलं. मला त्या दाराचं फार मोल वाटतं. रस्त्यावरून आतलं सगळं दिसतं, आतून रस्ता दिसतो. लपवण्यासारखं काही नाही.

आणि आपल्याकडं? काळ्या काचा, जाड पडदा, आत मिणमिणता लाल दिवा. पाटीवर 'परमिट रूम'. हा शब्द आला तो १९४९ च्या दारूबंदी कायद्यातून. कागदावर आजही पिणाऱ्याजवळ परवाना लागतो. सरकारनं परवाना मागितला, पडदा मात्र आपण लावला. आणि त्याच पडद्याची दुसरी बाजू म्हणजे 'फॅमिली रूम'. प्लायवूडच्या फळ्या मारून केलेले खोके, पंखा एका कोपऱ्यात, वेटर बोलवायला बेल. बाई जेवायला आली की तिला त्या खोक्यात घालायचं.

मागच्या वर्षी मी आणि माझी मैत्रीण इथल्याच एका हॉटेलात खिडकीपाशी बसलो. दारूचा विषयही नव्हता, दोन थाळ्या हव्या होत्या. वेटर आला. 'ताई, लेडीज वर. फॅमिलीत बसा.' मी म्हटलं, इथं बसलो तर काय होतंय? 'मालक बोलतेत, ताई.' खालचा हॉल अर्धा रिकामा होता. आम्ही उठून निघून आलो. मला त्या पोराचा राग नाही, पण त्या नियमाचा संताप आजही येतो.

सोलापूरला चवीचं कमी नाही, हे मी कुठंही छातीठोकपणे सांगेन. सावजी मटणाचा तवंग, शेंगा भाजी, पापडासारखी मोडणारी कडक भाकरी, उखळात कुटलेली तेल सुटलेली शेंगा चटणी, हे राजधानीतल्या कुठल्याही नावाजलेल्या हॉटेलाच्या तोडीचं आहे. पण हे सगळं चारचौघांत, उजेडात बसून एकटीनं खाता येईल अशा जागा किती आहेत? होस्टेलवर राहणारी नर्सिंगची पोरगी, ड्युटी संपवून रात्री नऊला सुटलेली बाई, हिनं जायचं कुठं? पार्सल घेऊन खोलीवर, एवढंच उत्तर आहे आज.

मुंबईतल्या त्या हॉटेलांचं कौतुक मी वयासाठी करत नाही. शंभर वर्षं जुनं आणि कळकट असंही पुष्कळ असतं. त्यांनी दारातून आत आलेल्या माणसाला पुरुष, बाई, एकटं, दुकटं असं निवडत न बसता खुर्ची दिली, म्हणून कौतुक. बिअर विकायची की नाही हा मालकाचा प्रश्न. विकायची असेल तर उजेडात विका, आणि त्रास देणाऱ्या गिऱ्हाइकाला बाहेर काढा. आज मालक त्याला हॉल देतो आणि आम्हाला जिना दाखवतो.

सात रस्ता, नवी पेठ, होटगी रोड, जिथं कुठं तुमचं हॉटेल असेल तिथल्या मालकांना माझी मनापासून विनंती आहे. एक महिना फळ्या काढून बघा. खर्च सुताराच्या एका दिवसाच्या मजुरीचा. आणि ज्यांनी आधीच काढल्या असतील त्यांनी खाली हॉटेलाचं नाव लिहा, आम्ही चौघीजणी येत्या रविवारीच येतो.