सॉफ्टवेअर घेण्याआधी धंदा कुठं चाललाय ते सांगा

परवा भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये स्टोअरच्या काकांनी त्यांचं रजिस्टर उघडून दाखवलं. आलेल्या प्रत्येक पोलादी बारची तारीख, वजन, पार्टीचं नाव, आणि शेवटच्या रकान्यात पेन्सिलीनं लिहिलेला हीट नंबर. म्हणजे ते पोलाद भट्टीच्या कुठल्या घाण्यातून निघालं त्याचा क्रमांक. शेजारच्या टेबलावर ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, बिलं सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, चालू होती. तिच्यात हा नंबर टाकायला जागाच नाही.

ही ईआरपी ठरली तेव्हा मी त्या मीटिंगला होतो, म्हणून हे लिहितोय.

२०२३ चा उन्हाळा होता. ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्टपासून ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, सक्तीचं होणार होतं, त्यामुळे सगळ्यांनाच घाई. अकाउंट्सला काय हवं ते विचारलं, तीन कंपन्यांचे डेमो बघितले, भाव पाडून घेतला. बिलं वेळेत निघायला लागली. सगळे खूश.

त्याच महिन्यांत शेठ दुसऱ्या एका गोष्टीच्या मागे होते. जॉब वर्कवर, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचं काम मजुरीवर करून देण्यावर, किती दिवस काढायचे, थेट परदेशी गिऱ्हाईक धरायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, आणि "तीन वर्षांनी तुमचा माल कोण घेणार?" हे आम्हीही विचारलं नाही. माझ्या मते चूक तिथं झाली.

गेल्या वर्षी ऑर्डर मिळाली. चौथ्या महिन्यात तक्रार आली, काही शाफ्टना तडे गेलेत. गिऱ्हाईकानं एवढंच विचारलं, हे कुठल्या हीटचे आणि त्या हीटचे आणखी किती पाठवलेत? ईआरपीत नुसते नग. काकांच्या रजिस्टरवरून बार सापडले, पण कुठला बार कुठल्या मशीनवर, कुठल्या लॉटमध्ये गेला हे कुणालाच सांगता येईना. संशय एका हीटवर होता, पण अडवावा लागला सगळा माल. गोदामात पोरं नऊ दिवस एकेक नग तपासत होती. त्या नऊ दिवसांत काकांचा चेहरा मी बघितलाय. त्यांनी त्यांचं काम चोख केलं होतं.

लोक म्हणतात, सॉफ्टवेअर भंगार. मला ते पटत नाही. जे मागितलं ते त्यानं केलं.

मोठ्यांचंही हेच होतं. लिडल या जर्मन सुपरमार्केट साखळीनं सॅप या ईआरपीवरचा आपला प्रकल्प सात वर्षांनी, २०१८ मध्ये गुंडाळला. खर्च ५० कोटी युरोंच्या घरात गेल्याच्या बातम्या होत्या. त्यात सांगितलेलं एक कारण असं, की लिडल साठ्याची किंमत खरेदीच्या भावानं धरायची आणि सॉफ्टवेअरची मूळ रचना विक्रीच्या भावावर होती. आपली पद्धत बदलायची की सॉफ्टवेअर वाकवायचं, हे मालकानं पहिल्या महिन्यात ठरवायचं असतं. ते प्रोग्रामरवर सोडून चालत नाही.

बाणेर-बालेवाडीकडच्या आयटी कंपन्यांत उलटा प्रकार दिसतो. आठ माणसांची कंपनी, गिऱ्हाईकं मोजकी, आणि सॉफ्टवेअरचे सुटे तुकडे वीस, कारण मोठ्या कंपन्या तसं करतात. त्या मोठ्यांपैकीच ॲमेझॉन प्राइम व्हिडिओच्या एका टीमनं २०२३ मध्ये जाहीरपणे लिहिलं, की व्हिडिओचा दर्जा तपासणारी आपली यंत्रणा सुट्या भागांतून एकत्र आणल्यावर तिचा खर्च ९० टक्क्यांनी उतरला. त्यांनी आपलं काम बघून ठरवलं. आपणही आपलंच बघावं.

मालकांना माझी कळकळीची विनंती आहे. नवीन गिऱ्हाईक, नवीन प्लांट, नवीन माल, याची चर्चा घरात किंवा सीएंकडे होते तेव्हाच आयटी बघणाऱ्याला बोलवा. आणि आयटीवाल्यांनो, बोलावलं नाही तर आपणहून जा.

मागच्या आठवड्यात चाकणहून एका ओळखीच्यांचा फोन आला, "सर, क्लाउड कुठला घेऊ?" मी विचारलं, तीन वर्षांनी माल कुणाला विकणार? ते जरा थांबले. म्हणाले, "मार्केटिंग मुलगी बघते, तिला विचारतो." शनिवारी त्यांच्या कँटीनमध्ये बसतोय. मुलगी येणार आहे. स्टोअरवाल्यांनाही बोलवा म्हटलंय, रजिस्टर घेऊन.